विश्लेषण : बोईसरच्या विद्यार्थ्याने जर्मन, जपानी का शिकावे? परदेशी शिक्षणाचा रस्ता आधी भाषेतून का जातो?

सकाळच्या वेळी बोईसर स्थानकावर दोन दिशांची गर्दी असते. बाहेरून आलेले लोक तारापूर एमआयडीसीच्या पहिल्या पाळीकडे धावतात, तर इथली मुले पालघर, विरार किंवा मुंबईच्या महाविद्यालयांकडे निघतात. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी यातली एखादी मुलगी तीन वर्षांनी त्याच एमआयडीसीत कंत्राटी कामावर असेल, की प्रयोगशाळेत, निर्यात विभागात किंवा जर्मनीतल्या विद्यापीठात, हे अनेक गोष्टींवर ठरते. त्यातली एक गोष्ट आपल्याकडे अजून ‘हौस’ समजली जाते, ती म्हणजे परदेशी भाषा. परदेशात शिकायला जाण्याची चर्चा घरोघरी होते, पण ती व्हिसा, एजंट आणि कर्ज यांपासून सुरू होते. खरे तर सुरुवात भाषेपासून व्हायला हवी. अशी तयारी केलेला विद्यार्थी पुढे बाहेर गेला नाही, तरी त्याचे नुकसान होत नाही.

पालघर जिल्ह्याचा परदेशी भाषांशी संबंध काय?

दिसतो त्यापेक्षा बराच जुना. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, पण पाव, बटाटा, चावी, पगार हे त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले. 

तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिटे अमेरिकी तंत्रज्ञानावर उभी राहिली आणि १९६९ मध्ये सुरू झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला. पुढे ते इंधन फ्रान्सकडून, मग चीनकडून, मग रशियाकडून आले. म्हणजे एका तारापूरच्या अणुभट्टीसाठी भारताला चार देशांशी बोलणी करावी लागली. युनिट ३ आणि ४ मात्र स्वदेशी बनावटीची आहेत. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली.

आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानच्या शिंकान्सेन तंत्रज्ञानावर आणि जपानी कर्जावर उभी राहते आहे. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावरील १२ स्थानकांपैकी विरार आणि बोईसर ही दोन आपल्या जिल्ह्यात आहेत. डहाणू तालुक्यातील वाढवण येथे ७६ हजार २२० कोटी रुपये खर्चाच्या बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाले. मच्छीमारांचा आणि शेतकऱ्यांचा या प्रकल्पांना विरोध आहे. तो वाद वेगळा आणि गंभीर आहे. पण प्रकल्प येणारच असतील, तर जमीन आणि समुद्र देणाऱ्या जिल्ह्यातील मुलांच्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न विचारायला हवा. केवळ सुरक्षारक्षकाची आणि सफाईची कामे त्यांच्या वाट्याला यावीत, असे कोणालाच वाटणार नाही. भाषा हा या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा आहे. तो पूर्ण उत्तर नव्हे, पण आपल्या हातात असलेला तुकडा आहे.

इंग्रजी येत असेल, तर आणखी एक भाषा कशाला?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे इंग्रजीच कच्चे असते. ज्याला इंग्रजीत स्वतःची ओळख चार वाक्यांत करून देता येत नाही, त्याने आधी इंग्रजीकडे लक्ष द्यावे, यात वाद नाही.

पण इंग्रजीचा बाजार भरलेला आहे. मुंबई, पुणे, बेंगळूरुचा प्रत्येक पदवीधर इंग्रजीचा दाखला दाखवतो. त्या रांगेत पालघरचा विद्यार्थी बहुधा मागे उभा राहतो. जर्मन किंवा जपानीची रांग लहान आहे. तिथे शहरातला आणि गावातला विद्यार्थी जवळपास एकाच रेषेवरून सुरुवात करतात, कारण दोघांनाही ती भाषा शून्यातून शिकायची असते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा फायदा इथे बराच कमी होतो.

दुसरे कारण रोजच्या जगण्याचे आहे. जर्मनीत पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून मिळतो, पण घरमालक, डॉक्टर, नगरपालिकेचे कार्यालय आणि अर्धवेळ काम देणारा दुकानदार जर्मनमध्ये बोलतो. वर्ग इंग्रजीत आणि आयुष्य जर्मनमध्ये, अशी स्थिती असते. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधताना ही अडचण अधिक टोचते.

तिसरे उदाहरण इतिहासातले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया आणि लंडन येथे शिक्षण घेतले, हे सर्वांना माहीत आहे. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले होते आणि त्यासाठीचे पत्र त्यांनी स्वतः जर्मन भाषेत लिहिले होते. इंग्रजीवर प्रभुत्व असलेल्या माणसाने हे केले. मूळ ग्रंथांपर्यंत आणि तिथल्या अभ्यासकांपर्यंत पोहोचायचे, तर त्यांच्या भाषेत जावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

तारापूर एमआयडीसीत या भाषांचा प्रत्यक्ष उपयोग काय?

तारापूर एमआयडीसीत रसायने, औषधांचा कच्चा माल, पोलाद, कापड अशा अनेक क्षेत्रांतील कारखाने आहेत आणि त्यातील कित्येक निर्यात करतात. निर्यात म्हणजे फक्त कंटेनर भरून पाठवणे नव्हे. तिच्यासोबत कागद जातात.

एक साधे उदाहरण घेऊ. युरोपीय संघात रसायन विकायचे, तर त्यासोबत सुरक्षा माहितीपत्रक द्यावे लागते. हे रसायन डोळ्यात गेले तर काय करावे, साठवण कशी करावी, आग लागली तर कशाने विझवावी, हे त्यात लिहिलेले असते. युरोपीय संघाच्या ‘रीच’ नियमांनुसार ते पत्रक माल जिथे विकला जाणार, त्या देशाच्या अधिकृत भाषेत असावे लागते. जर्मनीत जर्मन, फ्रान्समध्ये फ्रेंच. हे काम भाषांतर संस्थांकडून करून घेतले जाते. पण भाषांतर बरोबर झाले की नाही, हे तपासायला रसायनशास्त्र आणि भाषा दोन्ही येणारा माणूस लागतो. नुसता भाषातज्ज्ञ तिथे चुकू शकतो आणि नुसता रसायनतज्ज्ञ तर वाचूच शकत नाही.

बोईसरच्या बी.एस्सी. विद्यार्थ्याची संधी नेमकी इथे आहे. रसायनशास्त्र त्याच्याकडे आहे आणि कारखाना त्याच्या दारात आहे. मधला दुवा फक्त भाषेचा आहे. यंत्रांची देखभाल पुस्तिका, परदेशी तंत्रज्ञाची भेट, ग्राहकाकडून येणारी तपासणी, या सगळ्या ठिकाणी हाच दुवा उपयोगी पडतो.

जपानी गुंतवणूकही काही लांबची गोष्ट नाही. दांडेकर कुटुंबाने १९३१ मध्ये सुरू केलेली कॅम्लिन आता जपानच्या कोकुयो समूहाचा भाग आहे आणि तिचा कारखाना तारापूरला आहे. शाळेच्या दप्तरातील कंपासपेटीचा मालक जपानी समूह असतो, हे कळले की ‘जपानी शिकून काय करणार’ हा प्रश्न थोडा निराळा वाटू लागतो.

मराठी किंवा वारली बोलणाऱ्या मुलांना या भाषा अवघड जातात का?

प्रत्येक नवी भाषा अवघडच असते. पण आपल्या मुलांची शिदोरी रिकामी नाही. या जिल्ह्यातील अनेक मुले घरी वारली, वाडवळी, मांगेली, सामवेदी किंवा कातकरी बोली बोलतात. शाळेत मराठी, बाजारात हिंदी, सीमेकडे तलासरी-उंबरगाव भागात गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी वापरतात. चार-पाच भाषांत व्यवहार करणाऱ्या मुलाला आपण ‘भाषेत कच्चा’ म्हणतो, हीच मोठी चूक आहे. त्याचे इंग्रजी कच्चे असेल, पण भाषा शिकण्याची क्षमता कच्ची नाही.

मराठीची काही वैशिष्ट्ये तर थेट कामी येतात. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातून येणाऱ्याला तिसरे लिंग नवे वाटते. मराठी मुलाला ‘तो दगड, ती भिंत, ते झाड’ जन्मापासून ठाऊक असते. कोणत्या वस्तूला कोणते लिंग, हे पाठ करावे लागते, पण वस्तूला लिंग असते आणि त्यात तर्क शोधायचा नसतो, हे समजावावे लागत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील फरक जर्मन आणि फ्रेंचमध्येही आहे. परक्या माणसाला एकेरी हाक मारायची नाही, हे आपल्याला घरातच शिकवलेले असते.

जपानीची वाक्यरचना तर मराठीच्या बरीच जवळ आहे. ‘मी भात खातो’ या वाक्यात क्रियापद शेवटी येते. जपानीत ‘वाताशि वा गोहान ओ ताबेरु’ असे म्हणतात. तिथेही खाणे शेवटीच. आपण नामाला ‘ला, ने, शी’ असे प्रत्यय जोडतो, तसे जपानीत नामानंतर छोटे शब्द येतात. जपानी अक्षरमालेचा क्रम तर बौद्ध भिक्खूंमार्फत गेलेल्या भारतीय वर्णमालेच्या प्रभावातून आला, असे मानले जाते. ‘आ, का, सा, ता, ना’ असा तो क्रम वाचताना बाराखडी आठवते. खरी दमछाक होते ती कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरे शिकताना. तिथे मात्र कोणाचीच सुटका नाही.

भाषा ‘आली’ असे केव्हा म्हणायचे?

युरोपीय भाषांसाठी ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पातळ्या आहेत. ए१ म्हणजे नाव, गाव, वेळ, खरेदी. बी१ म्हणजे रोजचे आयुष्य स्वतःच्या बळावर. बी२ म्हणजे आपल्या विषयावर चर्चा करता येणे. जपानीसाठी जेएलपीटी परीक्षेच्या एन५ ते एन१ अशा पातळ्या असून एन१ सर्वांत कठीण. ही परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि मुंबई व पुणे येथे तिची केंद्रे आहेत.

इथे एक कटू सत्य सांगायला हवे. ए१ किंवा एन५ चे प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसते, पण त्यावर नोकरी मिळत नाही. जर्मनची बी१ पातळी गाठायला ४५ मिनिटांच्या साधारण साडेतीनशे ते साडेसहाशे तासिका लागतात. आठवड्याला सहा तासिका धरल्या, तर हे सव्वा ते दोन वर्षांचे काम आहे. अनेक विद्यार्थी पहिल्या पातळीनंतर सोडून देतात आणि मग ‘आम्ही जर्मन केले, काही उपयोग झाला नाही’ असे म्हणतात. अर्ध्यावर सोडलेल्या भाषेचा उपयोग होत नाही, हे खरेच आहे.

म्हणूनच पदवीच्या पहिल्या वर्षाला महत्त्व आहे. प्रथम वर्षात सुरुवात केली, तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बी१ हाती येते. पदवीनंतर, नोकरी नाही म्हणून, घाईघाईने सुरुवात केली की घरातून दबाव येतो आणि भाषा अर्धी राहते.

जर्मनीत शिक्षण फुकट असते, हे खरे का?

अर्धे खरे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. शुल्क नसले, तरी राहण्याचा खर्च आहेच. व्हिसासाठी विद्यार्थ्याला एका ‘ब्लॉक्ड’ खात्यात वर्षभराचे पैसे आधी जमा करून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११ हजार ९०४ युरो आहे. ती दर महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने काढता येते. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली कागदपत्रे तपासून घेतल्याचे एपीएस प्रमाणपत्र लागते. आपल्याकडची तीन वर्षांची पदवी प्रत्येक विद्यापीठ, प्रत्येक अभ्यासक्रमासाठी स्वीकारतेच असेही नाही.

तरीही जर्मनीकडे ओढा आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा होता. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. मात्र हे काम गोदामात मिळणार की आपल्या विषयाच्या प्रयोगशाळेत, हे पुन्हा भाषेवरच ठरते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार जणांचे लक्ष्य जाहीर झाले. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशी कामे त्यात आहेत. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट आणि मुंबई यांचे भगिनी शहरांचे नाते तर १९६८ पासूनचे. पण करार कितीही मोठा असो, जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला सर्वसाधारणपणे बी२ पातळी लागते. करारावर सह्या एका दिवसात होतात, बी२ एका दिवसात होत नाही. योजनेचे यश मंत्रालयात नाही, भाषेच्या वर्गात ठरते.

जपान आणि फ्रान्समध्ये काय संधी आहेत?

जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती शिक्षणशुल्क, विमानभाडे आणि मासिक भत्ता देते. निवड कठीण असते, पण गरज असलेल्याला सुरुवातीला जपानी भाषेचे प्रशिक्षणही मिळते. नोकरीसाठी जाणाऱ्यांकरिता भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये ‘विशिष्ट कुशल कामगार’ करार झाला. रुग्ण-वृद्धांची काळजी, शेती, बांधकाम, अन्नप्रक्रिया अशा क्षेत्रांत त्याखाली जाता येते. त्यासाठी कामाच्या कौशल्याची परीक्षा आणि एन४ च्या दर्जाचे जपानी लागते. पदवी लागतेच असे नाही. आयटीआय झालेल्या किंवा बारावीनंतर थांबलेल्या मुलांनाही हा मार्ग खुला आहे, हे महत्त्वाचे.

फ्रान्सने २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचे उद्दिष्ट जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. त्यात फ्रेंच न येणाऱ्यांसाठी आधी भाषा शिकवून मग पदवीला बसवणाऱ्या वर्गांचाही समावेश आहे. याशिवाय युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेत दोन किंवा अधिक देशांत मिळून पदव्युत्तर शिक्षण घेता येते. शिष्यवृत्ती मिळाल्यास दरमहा १४०० युरो भत्ता मिळतो. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत असतात, त्यामुळे ज्याचे इंग्रजी चांगले आहे, त्याने हा पर्याय सोडू नये.

गरीब आणि आदिवासी विद्यार्थ्यांचे काय?

पालघर जिल्ह्याची सुमारे ३७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. परदेशी शिक्षण हे पैसेवाल्यांचे काम, ही समजूत इथे सर्वांत घट्ट आहे. पण केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती दरवर्षी २० विद्यार्थ्यांना दिली जाते. त्यातील ३ जागा विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी राखीव आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे असे तीन समूह आहेत. म्हणजे वाडा, विक्रमगड, जव्हारच्या कातकरी पाड्यावरील मुलासाठी दिल्लीत अक्षरशः जागा राखून ठेवलेली आहे. कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाख रुपये आहे. राज्य सरकारच्याही अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, तसेच अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गासाठी स्वतंत्र योजना आहेत. 

अडचण अशी, की या योजना नामांकित विद्यापीठातील प्रवेशाशी जोडलेल्या आहेत आणि प्रवेशासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागते. पैसा सरकार देईल, पण आयईएलटीएस किंवा जर्मनची बी२ कोण करून घेणार? आश्रमशाळेतून पदवीपर्यंत आलेल्या मुलाला हा टप्पा एकट्याने ओलांडायला सांगणे म्हणजे पूल बांधायचा आणि पायऱ्या बांधायच्या नाहीत, असे झाले.

आदिवासी माणूस परदेशात पोहोचू शकतो का, या शंकेचे उत्तर डहाणू तालुक्यातील गंजाडने केव्हाच दिले आहे. जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातील प्रदर्शनात लागली. जपानच्या निगाता प्रांतातील मिथिला म्युझियमने वारली चित्रकारांना बोलावून त्यांच्याकडून चित्रे काढून घेतली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कला भाषेशिवाय पोहोचली. पण चित्राची किंमत ठरवताना, करारावर सही करताना आणि आपल्या चित्राचा अर्थ सांगताना दुभाषावर विसंबून राहावे लागते. पुढच्या पिढीतील एखाद्या वारली चित्रकाराला फ्रेंच किंवा जपानी येत असेल, तर हे सगळे तो स्वतः करेल.

धोके कोणते?

पहिला धोका फसवणुकीचा. ‘भाषा नको, थेट नोकरी’ असे सांगणारा एजंट हा सर्वांत मोठा इशारा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या संस्थेची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी हवी. ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. शिक्षणासाठी पाठवणारे सल्लागार मात्र या नोंदणीच्या चौकटीत येत नाहीत. म्हणून तिथे अधिक सावध राहावे. विद्यापीठाचे संकेतस्थळ स्वतः वाचता येणे, हेच खरे संरक्षण. तेवढी भाषा आली, तर सल्लागार काय सांगतो आणि विद्यापीठ काय लिहिते, हे पडताळून पाहता येते.

दुसरा धोका कर्जाचा. घर किंवा वाडी गहाण ठेवून कुठल्याही खासगी महाविद्यालयात प्रवेश घेणे, ही गुंतवणूक नव्हे, जुगार आहे. देशांचे व्हिसाचे नियम बदलतात, रुपया घसरतो, पदवीनंतर नोकरीला वेळ लागतो. तीनही गोष्टी एकाच वेळी घडल्या तर घर तग धरेल का, हा हिशेब पालकांनी विद्यार्थ्याला शेजारी बसवून आधी मांडावा.

तिसरा आक्षेप गावाकडून येतो. मुले बाहेर गेली की परत येत नाहीत, मग गावाला काय फायदा? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. काही परत येणार नाहीत. पण आजही आपली शिकलेली मुले मुंबई-ठाण्याकडे जातातच, आणि एमआयडीसीतील वरची पदे बाहेरून आलेल्यांनी भरली जातात. भाषा शिकलेल्या दहांपैकी दोघे परदेशी गेले आणि आठ जण बोईसर, पालघर, वसईत राहून निर्यातीची, भाषांतराची, पर्यटनाची, शिकवण्याची कामे करू लागले, तर जिल्हा तोट्यात जात नाही. बाहेर जाणे ही एक शक्यता आहे, भाषा ही कायमची मिळकत आहे.

जिल्ह्यात सोय का नाही आणि काय करता येईल?

मुंबईत गोएथे इन्स्टिट्यूट (मॅक्स म्युलर भवन) आहे, अलियाँस फ्राँसेज आहे, मुंबई विद्यापीठात जर्मन, फ्रेंच, रशियन शिकवणारे विभाग आहेत. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पालघरहून चर्चगेटला लोकलने जायला दोन तासांच्या आसपास लागतात. वर्ग, प्रवास आणि परतीची गाडी यांत दिवस जातो. जव्हार-मोखाड्याच्या मुलाला तर आधी पालघर किंवा कसारा गाठण्यातच सकाळ जाते. तेव्हा ‘मुंबईत सोय आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

करण्यासारख्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासात कौशल्य आणि भाषा विषयांसाठी श्रेयांक आहेत. पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आणि जिल्ह्यातील इतर महाविद्यालये मिळून जर्मन आणि जपानीसाठी एक सामाईक शिक्षक नेमू शकतात. आठवड्यातून दोन दिवस पालघर, दोन दिवस बोईसर, दोन दिवस डहाणू, असे वेळापत्रक होऊ शकते. 

पैसा उद्योगांकडून यावा. ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, असे २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. तारापूरच्या कारखान्यांनी त्यातील थोडा वाटा भाषा केंद्राला दिला, तर त्यांनाच उपयोगी पडणारी माणसे दारात तयार होतील. डहाणू आणि जव्हार येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी परदेशी शिष्यवृत्तीच्या माहितीबरोबर भाषा परीक्षेचे शुल्क आणि शिकवणीही द्यावी. बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदराच्या पुनर्वसन आराखड्यांत बाधित कुटुंबातील मुलांना जपानी आणि इंग्रजीचे प्रशिक्षण हा स्वतंत्र मुद्दा असावा. जमिनीचा मोबदला एकदाच मिळतो आणि संपतो.

विद्यार्थ्याने आज काय करावे?

एकच भाषा निवडावी. मित्र शिकतो म्हणून नव्हे, आपल्या विषयाकडे पाहून. रसायन, यंत्र, वाहन, परिचर्या यांसाठी जर्मन. रेल्वे, इलेक्ट्रॉनिक्स, वृद्धांची काळजी यांसाठी जपानी. आदरातिथ्य, कला, पर्यटन यांसाठी फ्रेंच, हा ढोबळ आधार धरावा. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दिली आहे. त्यामुळे पालघरच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करताना इग्नूसारख्या दूरशिक्षण संस्थेतून भाषेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येतो.

पहिले तीन महिने मोबाइलवरील मोफत धड्यांवर काढावेत. रोज अर्धा तास सलग नव्वद दिवस टिकला, तरच वर्गाचे पैसे भरावेत. आपण टिकतो की नाही, हे फुकटात कळते. विरार-डहाणू लोकलमधला वेळ ऐकण्याच्या सरावासाठी उत्तम. दोघा-तिघांनी मिळून शिकावे, कारण बोलायला समोर माणूस लागतो. आणि बी१ किंवा एन४ हाती आल्याशिवाय कोणत्याही एजंटला एक रुपयाही देऊ नये.

बोईसरला बुलेट ट्रेन थांबेल, तेव्हा आजचा प्रथम वर्षाचा विद्यार्थी नोकरीच्या वयाचा झालेला असेल. स्थानक त्याच्या गावात असेलच. त्या स्थानकात तो कोणत्या कामाला असेल, की तिथून गाडी पकडून पुढे कुठे निघालेला असेल, याची तयारी मात्र याच वर्षी सुरू करावी लागेल.